सासरचं घड्याळ

१२ नोव्हेंबर ८९, रविवार. धुळे

तेविसावं घड्याळ घेतलं. आता पुरे. (बाविसाव्याच्या वेळीही हेच लिहिलंय, मागच्या पानावर.)

सकाळपासून हमीदचाचांच्या दुकानात. दुकान म्हणजे टपरीच. एक खुर्ची चाचांची, एक स्टूल माझं. अडीच वर्षांपूर्वी जळगावहून बदली होऊन इथं आलो, तेव्हापासून माझे रविवार या स्टुलावर जातात. चाचा डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करतात, मी बघतो. बोलणं फारसं होत नाही. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

साक्रीकडचा एक म्हातारा आला. रुमालाच्या गाठीत चावीचं घड्याळ. "हाई सासरानी दिधेल शे भाऊ, लगनमानी. आते पोऱ्यानी सेलवाली आनी. म्हने, आबा, चावी देवानं कामच नही." विकायचं तर आहे, पण हातातून सुटत नाही, असं चाललेलं. मी घेतलं. जाताना परत फिरला. "रोज सकायले चावी देज्यात."

आमच्या वेळी खान्देशात नवरदेवाला सासऱ्याकडून घड्याळ, अंगठी, जमलं तर सायकल. घड्याळाच्या पाठीवर जावयाचं नाव कोरून. आता सेलची घड्याळं आली, रोज चावी द्यायला कुणाला वेळ नाही, त्यामुळे बाजारात सासरचीच घड्याळं जास्त. भारीतल्या भारी स्विस घड्याळाला साध्या चपलेच्या जोडाएवढा भाव. माझ्याकडे एक भास्कर आहे, दोन रामदास, एक चि. भिका यांस सप्रेम. सगळे जावई एका बिस्किटाच्या डब्यात.

१५ नोव्हेंबर, बुधवार

रजेचा अर्ज दिला. एक दिवस, ताईकडे जळगावला जायचं म्हणून. कारण: घरगुती. हेडक्लार्कसाहेबांनी तो सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचला. "पाटील, घरगुती? घरात तुम्ही आणि तुमची घड्याळं. त्यातलं कुणी आजारी आहे का?"

सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर जास्त दिसलं असतं. अर्ज मागून घेतला, घरगुती खोडलं, 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं. लगेच मंजूर.

प्रकृती ठणठणीत आहे. वाईट वाटलं. इथं लिहायला हरकत नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. जळगाव

ताईनं भरीत केलं होतं. दोन भाकरी जास्त गेल्या.

दुपारी बाजारात. सोन्याच्या पेढ्यांच्या मागच्या गल्लीत जुन्या वस्तूंचा एक दुकानदार. "स्विस आहे साहेब, अगदी नव्यासारखं." नव्यासारखं म्हटलं की मी एक पाऊल मागे. वीस वर्षं मनगटावर काढलेल्या घड्याळाची डायल थोडी पिवळी पडायला हवी. ही पांढरीशुभ्र. म्हाताऱ्यानं कलप लावावा तशी. भिंगातून पाहिलं तर आकडे नंतर रंगवलेले आणि नाव एका बाजूला कललेलं. झाकण उघडा म्हटलं तर म्हणे, उघडलं की आत धूळ जाते. उघडून दाखवत नाही त्याचं घेऊ नये. नमस्कार केला, निघालो.

पहिल्या वर्षी अशीच तीन घेतली होती, चकाकी बघून. तिन्ही बंद. टाकत नाही. आपला मूर्खपणा डोळ्यापुढे असलेला बरा.

जेवताना ताई म्हणाली, "मेमध्ये धरणगावला लग्नाला गेले होते ना, तिथं विमल भेटली. शाळेवर आहे ती. तशीच आहे. दुसरं केलं नाही तिनं."

मी वरण मागितलं. ताईनं वाढलं. विषय संपला.

विमल, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी अकरा महिने माझी बायको होती ती. इतकी वर्षं वह्या लिहितोय, पण हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिलं. एवढं पूर्ण नाव पुन्हा लिहिणं जमेलसं वाटत नाही. यापुढे वि.

२६ नोव्हेंबर, रविवार

चाचांकडे. नवीन घड्याळ (साक्रीचं) उघडून दाखवलं. चाचांनी बराच वेळ पाहिलं.

"पहले पेच देखो साहेब. स्क्रूची डोकी. खरवडलेली असली तर समजायचं, लै लोकांचे हात लागले. ये साफ है. एकाच कारागिराकडे गेलंय."

मग कानाला लावून ऐकायला सांगितलं. उताणं, मग पालथं, मग उभं. तिन्ही वेळा आवाज तोच हवा. पालथं केल्यावर दमल्यासारखा येत असेल तर आतला दांडा गेलेला, सोडून द्यायचं, तो दांडा आता मिळत नाही. याचा आवाज तिन्हीकडून सारखा. पसंत पडलं.

चाचांचं शेवटचं कलम मला पाठ आहे: "दिल लगाने से पहले ढक्कन खोलो." आधी झाकण उघडा, मग जीव लावा. मी म्हटलं, चाचा, हे लग्नाच्या वेळी कुणीतरी सांगायला हवं होतं. ते हसले नाहीत. माझं लग्न झालं होतं हे त्यांना माहीत नाही.

१० डिसेंबर, रविवार

चाचा मालेगावला गेलेत. दुकान बंद. तरी त्या बाजूनं दोन चकरा मारल्या.

मग खोलीवर येऊन सगळ्या घड्याळांना चावी दिली. वीस चालतात. सगळी एकदम चालू झाली की खोलीत कुणीतरी काहीतरी निवडत बसलंय असं वाटतं. खरं तर याचसाठी घेतो मी. लोकांना वाटतं छंद आहे.

खाली घरमालकीणबाई, अक्का, पापड वाळत घालत होत्या. वर बघून म्हणाल्या, "भाऊ, इतल्या घड्या शेत, मंग तुमले येळ काबरं जात नही?" अक्कांना सगळं कळतं. खाली गेलो, पापड घेऊन परत आलो.

१४ जानेवारी ९०, रविवार

संक्रांत. अक्कांकडून तिळगूळ आला. ऑफिसातला उद्या मिळेल. चाचांना मी दिला.

खानावळ बंद. केळी आणि फुटाणे.

४ फेब्रुवारी, रविवार

चाचांच्या दुकानात आज एक पत्र्याची पेटी. धरणगावचे करीम उस्ताद, चाचांचे मेव्हणे, तेही घड्याळजी, दिवाळीनंतर वारले. चाचा घड्याळाचं काम त्यांच्याकडेच शिकलेले. उस्तादांच्या मुलाला या धंद्यात रस नाही, दुकान बंद केलं. गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली, न्यायची राहिलेली घड्याळं इथं आणून टाकली. प्रत्येकाला दोऱ्यानं नंबराची चिठ्ठी. पण नावांची वही त्यानं रद्दीत घातली. चाचा लाल झाले होते.

"ये बेचने का माल नहीं है. अमानत आहे. नंबर आहे, माणूस नाही. काय करायचं?"

पुढच्या रविवारी दोघांनी बसून पेटी लावायची ठरली. मला बरं वाटलं. निदान पुढच्या रविवारी काम आहे.

धरणगाव. दोनदा लिहून खोडलं, काय लिहायचं होतं कुणास ठाऊक.

११ फेब्रुवारी, रविवार

पेटीत तीसेक घड्याळं. मी एकेक काढून पाठ पुसत होतो, नाव असेल तर वाचत होतो, चाचा लिहून घेत होते. नंबर एकोणचाळीस, नाव नाही. चाळीस, कुणी वामन. एक्केचाळीस.

चि. सुधाकर यांस सप्रेम. धरणगाव.

सतरा ज्वेलचं मशीन. पिवळी पडलेली डायल. पट्टा अडकतो तिथं एक पोचा. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात सायकलवरून पडलो होतो, तेव्हाचा. वि.नं गुडघ्याला हळद लावली होती आणि आधी विचारलं होतं, घड्याळ चालू आहे ना.

चाचा म्हणाले, "पुढे बोला."

मी म्हटलं, "सुधाकर."

"ये तो तुमचंच नाव."

मी म्हटलं, "गावोगाव सुधाकर आहेत, चाचा." आणि बेचाळीस नंबर उचलला. चिठ्ठी उलटी धरली होती. चाचांनी पाहिलं असणार, घड्याळजीला हातच आधी दिसतो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात एकही कागद धड वाचला नाही.

लिहूनच टाकतो.

लग्न ७० च्या उन्हाळ्यात. वि.ला मास्तरकीचं शिक्षण घ्यायचं होतं. आई म्हणायची, सुनेनं शाळा शिकायची तर चूल कुणी शिकायची. मी मधे बसलो होतो आणि दोन्हीकडे मान हलवत होतो. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात तशी तीही गेली. झोके झाले, गाणी झाली, आठ दिवसांत बाकीच्या परत आल्या. वि. आली नाही. माहेरी गेलेल्या बाईनं आपल्या पायानं परत यायचं नसतं, सासरचं माणूस न्यायला यावं लागतं. आई म्हणाली, गेली तशी येईल. त्यांच्याकडून निरोप आला, न्यायला या. आई म्हणाली, निरोप धाडतात, मिजास बघा. मी ऑफिसला जात राहिलो. आज जाऊ, उद्या जाऊ. एवढंच. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. कुणी न्यायला गेलं नाही, म्हणून ती आली नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

मग बैठक बसली. चार माणसं इकडची, चार तिकडची. त्यांनी दिलेली भांडी, पलंग, शिवणयंत्र परत. आमचं मंगळसूत्र, पाटल्या परत. घड्याळ कुणी मागितलं नव्हतं. तिचे वडील, आबा, म्हणाले, "ते राहू द्या. ते हातातलं आहे." मी पट्टा सोडला आणि घड्याळ ताटात ठेवलं. मला वाटलं मी मोठा स्वाभिमानी. वि. आतल्या दाराआड होती, तिचा हात फक्त दिसत होता चौकटीवर. तो हात आत गेला.

त्या दिवशी सकाळी मी घड्याळाला चावी दिली होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते त्या घरात चाललं असेल.

आई गेली त्याला आता नऊ वर्षं. तिच्यावर ढकलायची सोयही राहिली नाही. जायचं मी होतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच गेलो. म्हटलं, चाचा, एक्केचाळीस दाखवा, विकत घेतो. त्यांनी भिंग काढलं.

"अमानत विकत नाही. मालूम है तुम्हाला."

मग सांगितलं. सगळं. धड क्रमानंही नाही. चाचा ऐकत होते, मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं. माझं झाल्यावर त्यांनी एक्केचाळीस नंबर काढला, चाकूच्या टोकानं झाकण उघडलं. दिल लगाने से पहले. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं आणि भिंग दिलं.

कारागीर साफसफाई केली की झाकणाच्या आत सुईनं बारीक खूण करतो, आपलं अक्षर आणि साल. हे मला माहीत होतं. दुसऱ्यांच्या घड्याळात शेकडो वेळा बघितलंय. एखाद्यात एक, फार तर दोन.

यात आठ. क ७२. क ७४. क ७७. क ७९. क ८१. क ८३. क ८५. क ८७. शिवाय नववी सफाई झाल्यासारखं तेल ताजं, पण खूण करायची राहिलेली.

"उस्तादचा हात," चाचा म्हणाले. "हर दो-तीन साल. साहेब, जे घड्याळ घालतात तेसुद्धा इतकं करत नाहीत. हे तर कुणी घातलेलं पण नाही. पट्ट्याची घडी बघा, जुनीच आहे, नवी पडली नाही. कोणी हातावर बांधलं नाही, और किसी ने बंद भी नहीं पडने दिया."

मी भिंग डोळ्याला तसंच धरून बसलो. काढलं असतं तर चाचांना दिसलं असतं.

निघताना त्यांनी घड्याळ कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातलं. "तुमचं म्हणून देत नाही. पोचवायला देतो."

१९ फेब्रुवारी, सोमवार

टेबलावर आहे. बिस्किटाच्या डब्यात ठेवलं नाही.

चावी दिली. सातच्या बातम्यांना लावलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

चोवीस तासांत दोन मिनिटं पुढे. एवढं चालतं. आवाज तिन्हीकडून सारखा. डायल मूळची. स्क्रूची डोकी स्वच्छ. काच बदललेली, पण चांगली बसवलेली. माझ्या सगळ्या कलमांत हे घड्याळ बसतं. माझ्या तेविसांत इतकं निर्मळ एकही नाही. आणि नेमकं हेच घेता येत नाही.

४ मार्च, रविवार

पोचवायचं म्हणजे कसं? पार्सल करता येईल. चाचांकडून कुणाबरोबर पाठवता येईल. चाचा म्हणाले, "मी नाही पाठवणार. तुम्हाला पोचवायला दिलं." म्हातारा फार हट्टी आहे.

बस आहे सकाळी, अमळनेरवरून. अडीच-तीन तास. अंतर काही फार नाही, एकोणीस वर्षांत कधीही जाता आलं असतं. पण तिथं उतरून काय म्हणायचं. घड्याळ घ्या. आणि? तिनं दार उघडलं नाही तर? उघडलं तर?

तिनं आठ वेळा सफाई केली त्याचा अर्थ मी काढणार नाही. आबांची वस्तू, बापाची आठवण, म्हणून सांभाळली असेल. आबाही आता नाहीत, ताई म्हणाली होती. तसंच असेल. मी चकाकी बघून तीन वेळा फसलेला माणूस आहे.

१२ मार्च, सोमवार

धुळवड. रस्त्यावर पोरं, दार लावून बसलो. पत्र लिहिलं.

सुरुवातच होईना. सौ. लिहिता येत नाही. श्रीमती लिहवत नाही. चि. तर नाहीच. दुपारपर्यंत एक ओळ नव्हती. शेवटी नुसतं नाव. पूर्ण, तिन्ही अक्षरं, लिहिलं. हात अडला नाही.

मजकूर: करीम उस्तादांकडे दुरुस्तीला दिलेलं एक्केचाळीस नंबरचं घड्याळ त्यांच्या माघारी धुळ्याला आलं. माझ्याजवळ सुरक्षित आहे. रोज चावी देतो. दोन मिनिटं पुढे जातं. ते तुमचं आहे. कसं पोचवू ते कळवावं.

'तुमचं' लिहिताना थांबलो. 'तुझं' लिहायचा हक्क मी ताटात ठेवून आलोय.

पोस्टकार्ड नको, धरणगावात पोस्टमनपासून सगळे वाचतील. अंतर्देशीय घेतलं. शाळेच्या पत्त्यावर.

२५ मार्च, रविवार

काही नाही. चाचांनी विचारलं नाही, चहा मागवला.

१ एप्रिल, रविवार

काही नाही. मार्चअखेरची कामं संपली. हेडक्लार्कसाहेबांनी नवीन सेलचं घड्याळ घेतलं, दर तासाला किर्र वाजतं. "पाटील, याला चावी लागत नाही, काळजी लागत नाही." म्हटलं, छान आहे. खरंच छान आहे. सेल संपला की बंद, नवा घातला की चालू. कुणाची वाट बघत नाही.

८ एप्रिल, रविवार

पत्र पोचलंच नसेल. किंवा पोचलं आणि फाडलं. किंवा चूल पेटवली.

आज सगळ्यांना चावी द्यायची विसरलो. फक्त एक्केचाळीसला दिली. खोलीत एकटाच आवाज. बाकीचे जावई गप्प. सहन होईना म्हणून खाली जाऊन अक्कांच्या ओट्यावर बसलो. अक्का लेकीच्या वाटेवर डोळे लावून बसलेल्या. "आखाजी उनी ना भाऊ. मन्ही पोर येस आते." आखाजी जवळ आली म्हणजे खान्देशातल्या सगळ्या आयांचा चेहरा असाच होतो.

न्यायला कोण येतं तुमच्या पोरीला, असं विचारलं. अक्का म्हणाल्या, "जवाई स्वता येस. चांगला शे. आठव्या दिनले हजर."

१५ एप्रिल, रविवार

चाचांशी उगीच वाद घातला. म्हटलं, तुमच्यामुळे हे झालं, पेटी आणली नसती तर मी सुखात होतो. चाचा म्हणाले, "बंद घड्याळ पण दिवसातनं दोनदा बरोबर वेळ सांगतंय, म्हणून त्याला चालू म्हणायचं काय?"

तिरमिरीत उठून आलो. संध्याकाळी जाऊन स्टुलावर बसलो. त्यांनी भिंग काढून माझ्याकडे सरकवलं, एवढंच.

२१ एप्रिल, शनिवार

आलं. ऑफिसच्या पत्त्यावर नाही, खोलीच्या. पण पत्रात पाठवणाऱ्याचा पत्ता मीच लिहिला होता, तेव्हा त्यात काही विशेष नाही. शांतपणे लिहायचं ठरवलंय.

पाकिटात पत्र नाही. दोनदा उलटं करून झटकलं. फक्त उस्तादांच्या दुकानाची दुरुस्तीची पावती. घडी पडलेली, फिकट गुलाबी. वर छापलेलं: घड्याळ पावती आणणाऱ्यासच मिळेल. नंबर ४१. तारीख मागच्या ऑक्टोबरची, दिवाळीच्या आधीची.

पावती मला का पाठवली? माझं घड्याळ पाठवा, ही घ्या खूण, असं? की पावती आता तुमच्याकडे, तेव्हा घड्याळही तुमचंच, हिशेब मिटला, असं? दोन्ही अर्थ सरळ आहेत. दोन्ही मी दिवसभर धरून पाहिले, उताणे, पालथे, उभे.

मग नाव वाचलं. नावाच्या रकान्याकडे आधी लक्षच गेलं नव्हतं, तिचं असणार म्हणून.

श्री. सुधाकर नारायण पाटील, धुळे.

२२ एप्रिल, रविवार

पावती चाचांना दाखवली. अक्षर उस्तादांचंच, त्यात शंका नाही. मी म्हटलं, झाकणावरचं वाचून लिहिलं असेल. चाचांनी घड्याळ मागितलं, पाठ बघितली. "इथं सुधाकर आहे. नारायण कुठं? पाटील कुठं?" मग पावतीवर बोट ठेवून, "आणि धुळे कुणी सांगितलं उस्तादला?"

धुळ्याला मी येऊन तीन वर्षं होतील. मी इथं आहे हे धरणगावात कुणाला ठाऊक नाही. ताईनं त्या लग्नात सांगितलं असेल. ताई कुणी न विचारता असं सांगायची नाही. म्हणजे विचारलं असेल. ताईला विचारून खात्री करता येईल. विचारणार नाही.

काउंटरवर उस्ताद विचारत असतील, नाव? आणि ती सांगत असेल. आठ-नऊ वेळा. दुकानात दुसरं कुणी असेल तर त्याला वाटलं असेल, बाई नवऱ्याचं घड्याळ घेऊन आलीय. ती तसंच वाटू देत असेल.

की नुसतं सोयीसाठी? पुरुषाचं घड्याळ, पुरुषाचं नाव, प्रश्न नकोत म्हणून? तेही होऊ शकतं. मला ठाऊक नाही. एवढं मात्र कळलं की इतकी वर्षं मी एकटा होतो, तेव्हा माझं नाव एका गावात दर दोन-तीन वर्षांनी उच्चारलं जात होतं. हे लिहिताना रडू आलं. येऊ दिलं.

चाचांनी झाकण उघडून सुईनं खूण केली. क नाही, ह. ह ९०. "राहिली होती," म्हणाले.

२४ एप्रिल, मंगळवार

आखाजी तीन दिवसांवर. अक्कांची लेक आली. अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, सकाळपासून गाणी चाललीत.

वि.ही माहेरीच असेल. एकोणीस आखाज्या तिथंच झाल्या.

शुक्रवारी सकाळची बस साडेआठची. घड्याळाला चावी दिली, पावती त्याच्याबरोबर त्याच कागदात गुंडाळली. तिनं दार उघडल्यावर आधी कोणतं पुढे करायचं, घड्याळ की पावती, ते अजून ठरत नाही. दोन मिनिटं पुढे जातंय, ते तसंच ठेवलंय.

दुपारी रजेचा अर्ज लिहिला. शुक्रवार, शनिवार. कारणाच्या रकान्यात सवयीनं 'प्रकृती' लिहायला लागलो होतो. पहिलं अक्षर खोडलं. पुढे लिहिलं, घरगुती.

हेडक्लार्कसाहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. ते जागेवर नव्हते. उद्या वाचतील.